वाचकांचे प्रश्न : अनेक मूलद्रव्यांचे मिश्रधातू आणि त्यांचे चुंबकत्व

या वेळच्या प्रश्नांपैकी बहुतेक ‘हाय-एंट्रॉपी’ (अणूंच्या मांडणीत जास्त अव्यवस्था असलेल्या) मिश्रधातूंबद्दल आहेत. एका मुख्य धातूत इतरांची चिमूट टाकण्याऐवजी पाच किंवा अधिक मूलद्रव्ये जवळपास सारख्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी ५ ते ३५ अणुटक्के, मिसळून हे मिश्रधातू करतात. २००४ साली तैवानमध्ये येह जिएन-वेई आणि इंग्लंडमध्ये ब्रायन कँटर यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. ताकद आणि चिवटपणा यांवर भरपूर काम झाले आहे. चुंबकत्वाबाबत मात्र गैरसमज बरेच दिसतात.

प्रश्न : लोह, कोबाल्ट, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज समप्रमाणात वितळवले. यातले तीन धातू चुंबकाला चिकटणारे, म्हणजे ६० टक्के माल चुंबकीय. तरीही वितळवून मिळालेल्या गोळ्याला, म्हणजे बटणाला, चुंबक अजिबात चिकटत नाही. वितळवण्यात चूक झाली का?

उत्तर : चूक नाही, उलट हे काम नीट झाल्याचे लक्षण आहे. हाच तो कँटर मिश्रधातू, आणि खोलीच्या तापमानाला तो समचुंबकीयच, म्हणजे बाहेरचे क्षेत्र नसेल तर चुंबकत्व न दाखवणारा, असतो. त्यात काही क्रम तयार होतो तो १०० केल्विनच्या खाली, आणि तोही सरळ लोहचुंबकीय (सगळे अणू एकाच दिशेला वळलेले) नसून स्पिन-ग्लास प्रकारचा गोंधळलेला क्रम असतो.

‘६० टक्के चुंबकीय’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चिमुकले चुंबकत्व, अणूचे असले, तरी ते कोणत्या दिशेला उभे राहणार हे शेजारी ठरवतात. लोह, कोबाल्ट आणि निकेल एकमेकांशेजारी एकाच दिशेला वळतात. क्रोमियम व मँगनीज यांचा कल शेजाऱ्याच्या उलट वळण्याकडे असतो. शुद्ध क्रोमियम ३११ केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय असते ते त्यामुळेच. तुमच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीत, प्रत्येक अणूला १२ शेजारी आहेत आणि त्यांतले सरासरी पाच क्रोमियम किंवा मँगनीज. काही शेजारी एकीकडे ओढतात, काही दुसरीकडे. परिणामी एकूण चुंबकनही कोसळते आणि क्यूरी तापमानही, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान. मँगनीज वगळून चारच धातू घेतले तरी क्यूरी तापमान १०० ते १३० केल्विनच्या आसपासच राहते. क्रोमियमही काढून फक्त लोह-कोबाल्ट-निकेल ठेवा, ते एकदम १००० केल्विनच्या घरात जाते.

प्रश्न : मग मँगनीज असलेला मिश्रधातू चुंबकीय करायचा तर मँगनीज काढण्यावाचून पर्याय नाही का?

उत्तर : आहे, आणि तो या विषयातला सर्वांत मजेदार भाग आहे. लोह, कोबाल्ट, निकेल आणि मँगनीज समप्रमाणात घेतले तर संपृक्त चुंबकन (जोरदार क्षेत्रात मिळणारे जास्तीत जास्त चुंबकन) जेमतेम १८ एम्यू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) प्रति ग्रॅम भरते. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा सारखाच वाटा घाला, ते सुमारे १४८ होते. गॅलियम घातले तर ११६, कथील घातले तर ८०. या तिन्हींपैकी एकही स्वतः लोहचुंबकीय नाही. क्रोमियम घातले तर मात्र दीडच्या आसपास येते.

अचुंबकीय अ‍ॅल्युमिनियमने आठपट वाढ होते ती दोन कारणांनी. एक, अ‍ॅल्युमिनियम आल्यावर जालक पृष्ठकेंद्रितावरून (घनाचे कोपरे व पृष्ठांचे मध्य यांवर अणू) अंतःकेंद्रिताकडे (कोपरे व घनाचा मध्य यांवर अणू), त्यातही बी-२ या सुव्यवस्थित रचनेकडे झुकते. अणूंमधली अंतरे बदलतात आणि कोणाशेजारी कोण बसणार हेही बदलते. दोन, त्याचे मोकळे इलेक्ट्रॉन मँगनीजच्या अणूंमधली उलटसुलट मांडणी मोडतात आणि मँगनीज लोह-कोबाल्टच्या दिशेने उभे राहते. मँगनीजचे आघूर्ण मुळात मोठे असते. ते विरोधात असताना जेवढे नुकसान करते, तेवढाच फायदा बाजूला आल्यावर देते.

म्हणून यादीत मूलद्रव्ये किती आहेत याला चुंबकत्वाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. सहावे-सातवे मूलद्रव्य घालून ‘अधिक एंट्रॉपी’ मिळवण्याची जी हौस दिसते, तिने चुंबकन बहुतेक वेळा पातळच होते.

प्रश्न : लोह-कोबाल्ट-निकेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉन घालून मृदू चुंबकीय (सहज चुंबकित व विचुंबकित होणारा) नमुना करायचा आहे. वजने आणि वितळवण्याची पद्धत सविस्तर सांगावी. मागच्या खेपेला सिलिकॉन उडाले आणि बटणात न वितळलेला तुकडा सापडला.

उत्तर : या कुटुंबात तीन मुख्य धातू एकेक भाग आणि अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉन प्रत्येकी ०.२ भाग हे प्रमाण चांगले अभ्यासलेले आहे. संपृक्तता १.१५ टेस्ला, कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) १४०० अँपिअर प्रति मीटर आणि विद्युत रोधकता ६९.५ मायक्रोओहम-सेंटिमीटर, असे त्याचे प्रसिद्ध झालेले आकडे आहेत. पहिल्या प्रयत्नासाठी तेच घ्या.

प्रमाण अणूंचे आहे, वजनाचे नाही. ही गल्लत फार जण करतात. २० ग्रॅमच्या बटणासाठी लोह ६.०५४, कोबाल्ट ६.३८९, निकेल ६.३६३, अ‍ॅल्युमिनियम ०.५८५ आणि सिलिकॉन ०.६०९ ग्रॅम. मिलिग्रॅमपर्यंत तोला. धातू किमान ९९.९ टक्के शुद्धतेचे घ्या. लोहाच्या तुकड्यांवरचा गंज घासून काढा आणि सगळे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन वाळवा.

सिलिकॉन उडाले ते त्यावर आर्क, म्हणजे धातू वितळवणारा विजेचा झोत, थेट पडला म्हणून. ठिसूळ सिलिकॉन एकदम तापले की तडकते आणि त्याचे कण मुशीबाहेर जातात. तांब्याच्या थंड मुशीत सर्वांत खाली सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे ठेवा, त्यावर निकेल आणि कोबाल्ट, सर्वांत वर लोहाचा एक मोठा तुकडा झाकणासारखा. आर्क लोहावर सुरू करा आणि प्रवाह हळूहळू वाढवा. वरचे धातू वितळून खाली उतरतात व सिलिकॉनला गिळून टाकतात.

त्याआधी भट्टीतली हवा काढून आर्गॉन भरणे किमान तीनदा करा. शेजारच्या खाचेत टायटॅनियमचा गोळा ठेवून तो आधी एक-दोन मिनिटे वितळवा. उरलेला ऑक्सिजन तो शोषतो. थंड झाल्यावर गोळा चकचकीत असला तर पुढे जा. निळसर-करडा झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता पुढे गेलात तर अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड होणार आणि प्रमाण बिघडणार.

न वितळलेला तुकडा राहतो तो बटणाच्या तळाशी. तळ गार तांब्याला टेकलेला असल्याने तिथे पूर्ण द्रव कधीच होत नाही. यावर उपाय एकच, बटण उलटायचे आणि पुन्हा वितळवायचे. पाच वेळा हे किमान समजा, आणि दर खेपेला मिनिटभर तरी द्रव राहू द्या. शेवटी तोला. २० ग्रॅममागे घट ०.०५ ग्रॅमपर्यंत असेल तर ठीक.

मँगनीज असलेल्या मिश्रधातूत हे वजन आणखी काळजीने पाहावे लागते. मँगनीजची वाफ फार लवकर होते. कँटर मिश्रधातूच्या २० ग्रॅम बटणात मँगनीज ३.९१८ ग्रॅम असते, घटलेले ०.१ ग्रॅम सगळे मँगनीजच असेल, तर त्याचा वाटा २० वरून १९.६ अणुटक्क्यांवर येतो. तेवढे चालून जाते. त्याहून जास्त घट होत असेल तर आर्कचा प्रवाह कमी करा, आणि आधीच्या खेपेत जेवढे गेले तेवढे मँगनीज पुढच्या खेपेत जास्त तोलून घाला. मँगनीजच्या तपकिरी पडलेल्या पापुद्र्यांवर ऑक्साइड असतो. पातळ नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवून, धुऊन, लगेच वापरा.

ओतीव बटण एकजिनसी नसते. कँटर मिश्रधातूत झाडाच्या फांद्यांसारखे डेंड्राइट तयार होतात, त्यांत लोह, कोबाल्ट व क्रोमियम जास्त, आणि फांद्यांमधल्या जागेत मँगनीज व निकेल जास्त. असा नमुना मोजला तर क्यूरी तापमानाला तीक्ष्ण उतार न दिसता लांबट घसरगुंडी दिसते. म्हणून क्वार्ट्झच्या नळीत आर्गॉनखाली बंद करून ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवावे आणि पाण्यात विझवावे. नळीत खोलीच्या तापमानाला आर्गॉन एका वातावरणाच्या पाचव्या भागाइतकाच भरा. १२०० अंशांना दाब जवळपास पाचपट होतो, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. पूर्ण भराल तर नळी फुटेल, आणि निर्वात ठेवाल तर मऊ पडलेली नळी आत चेपेल, शिवाय मँगनीज जास्त उडेल.

प्रश्न : कँटर मिश्रधातू ५०० अंश सेल्सिअसला बराच काळ तापवला. आधी चुंबकाला न चिकटणारा नमुना आता किंचित ओढला जातो. एक्स-रे आलेखात नवीन काहीच दिसत नाही. नमुन्यात कचरा गेला असे समजावे का?

उत्तर : कचरा ही पहिली शंका योग्यच, पण ती तपासून बाजूला ठेवता येते. पोलादी करवत किंवा चिमटा वापरला असेल, तर लोहाचे कण पृष्ठभागावर चिकटलेले असतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात मिनिटभर बुडवा, धुवा, आणि पुढे पितळी वा प्लास्टिकचा चिमटा वापरा. दुसरी शक्यता पृष्ठभागाच्या थराची. हवा लागली असेल तर क्रोमियम व मँगनीज ऑक्साइडमध्ये जातात आणि त्याखाली लोह-कोबाल्ट-निकेल जास्त असलेला पातळ थर उरतो. तो चुंबकीय असू शकतो. चहूबाजूंनी ०.२-०.३ मिलिमीटर घासून काढा. एवढे करूनही ओढ राहिली, तर बदल आतला आहे.

आणि तसा बदल होतो हे माहीत आहे. ९०० अंशांना हा मिश्रधातू एकजिनसी टिकतो, ७०० अंशांना त्यात क्रोमियमयुक्त सिग्मा प्रावस्था (वेगळ्या रचनेचा भाग) येते आणि ५०० अंशांना ५०० दिवस ठेवल्यावर त्यातून निकेल-मँगनीज, क्रोमियमयुक्त आणि लोह-कोबाल्ट अशा वेगळ्या प्रावस्था बाहेर पडलेल्या आढळल्या. नमुना आधी जोरदार पिळून नॅनोमीटरच्या ग्रेनचा (स्फटिककणांचा) केलेला असेल तर हीच फूट ४५० अंशांना मिनिटांतच सुरू होते, कारण ग्रेनच्या असंख्य सीमांवरून अणू भराभर सरकतात. ‘एंट्रॉपीमुळे स्थिर’ हे वाक्य वाचताना कोणत्या तापमानाला, हे विचारायला विसरू नये.

लोह-कोबाल्टचे संपृक्त चुंबकन २३० एम्यू प्रति ग्रॅमच्या आसपास असते. त्याचा एक टक्का जरी तयार झाला, तरी नमुन्याचे चुंबकन २.३ ने वाढते. चुंबकमापकाला हा आकडा मोठा आहे. प्रयोगशाळेतल्या साध्या एक्स-रे यंत्राला एक टक्का सहज निसटतो, त्यातून तांब्याची एक्स-रे नळी असेल तर लोह व कोबाल्टच्या प्रतिदीप्तीने पार्श्वभूमी आणखी वाढते. खात्रीसाठी घासून-धुऊन घेतलेला तुकडा १००० अंशांना तासभर बंद नळीत ठेवा आणि पाण्यात विझवा. चुंबकत्व नाहीसे झाले तर ते लोह-कोबाल्टचे होते आणि पुन्हा विरघळले.

प्रश्न : आमच्या नमुन्याची कोअर्सिव्हिटी व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटरवर (नमुना कंपित करून चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) १२ ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आली. अशाच घटकांच्या प्रसिद्ध झालेल्या मिश्रधातूची एकच ओर्स्टेड आहे. एवढा फरक का?

उत्तर : नमुन्याला दोष देण्याआधी यंत्राकडे पाहा. तुमचे यंत्र अतिवाहक चुंबकाचे असेल, तर मोठे क्षेत्र देऊन शून्यावर आल्यावरही त्याच्या गुंडाळीत काही क्षेत्र अडकून राहते. ते १०-२० ओर्स्टेड सहज असते. प्रवाहावरून काढलेले ‘शून्य’ हे खरे शून्य नसते, आणि तुमचे १२ ओर्स्टेड बहुधा तेच आहे. ताडून पाहायला शुद्ध पॅलेडियमचा तुकडा त्याच क्रमाने मोजा. पॅलेडियमला हिस्टेरेसिस नाही, म्हणजे क्षेत्र वाढवताना व कमी करताना आलेख एकाच रेषेवरून जातो, त्याचा फास होत नाही. तरीही फास दिसला तर त्याची अर्धी रुंदी ही यंत्राची चूक. कधीकधी फास चक्क उलटा दिसतो. तो नवा शोध नसून हीच चूक असते.

लोखंडी गाभ्याच्या विद्युतचुंबकात क्षेत्र हॉल प्रोबने मोजतात म्हणून चूक कमी होते, पण एक ओर्स्टेड, म्हणजे ७९.६ अँपिअर प्रति मीटर, हा आकडा तिथेही भरवशाचा नाही. एवढ्या मृदू पदार्थासाठी कडे कापून बीएच ट्रेसरवर (क्षेत्र आणि चुंबकन यांचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर) मोजावे. कड्याला टोके नसतात, त्यामुळे विचुंबकन क्षेत्राची (टोकांमुळे नमुन्यात तयार होणाऱ्या उलट्या क्षेत्राची) भानगड राहत नाही. बाहेरचा व्यास आतल्याच्या १.२५ पटीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर आतल्या आणि बाहेरच्या कडेला वेगवेगळे क्षेत्र मिळते. सरासरी व्यास २० मिलिमीटर असेल तर मार्ग ६२.८ मिलिमीटरचा, १०० वेढ्यांमधून ०.६२८ अँपिअर सोडले की १००० अँपिअर प्रति मीटर क्षेत्र मिळते. कडे वायर ईडीएमने (तार आणि विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्राने) कापा आणि कापल्यानंतर अनिलिंग (ताण काढण्यासाठी तापवणे) करा. उलट क्रमाने केलेत तर कापताना आलेला ताण डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित असलेल्या भागांच्या) भिंती अडवतो आणि कोअर्सिव्हिटी वाढलेलीच दिसते.

संपृक्त चुंबकन मात्र तुमच्या यंत्रावर उत्तम मोजता येते. २० ते ५० मिलिग्रॅमचा तुकडा घ्या, आणि यंत्राचे अंशांकन निकेलच्या गोळ्याने करा. खोलीच्या तापमानाला निकेलचे ५५ एम्यू प्रति ग्रॅम यायला हवेत.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मरमधल्या सिलिकॉन पोलादाची जागा हे मिश्रधातू घेतील का?

उत्तर : नाही. सिलिकॉन पोलादाची संपृक्तता २ टेस्लाच्या आसपास आहे. हे मिश्रधातू एक टेस्लाच्या आगेमागे घुटमळतात, आणि त्यांत कोबाल्ट असतो. यांची रोधकता दुप्पट असते हा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. पण भोवरा प्रवाहाने (बदलत्या क्षेत्रामुळे पत्र्यात फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाने) होणारी हानी रोधकतेच्या व्यस्त प्रमाणात आणि पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात बदलते. रोधकता दुप्पट केल्याने हानी निम्मी होते; पत्रा निम्म्या जाडीचा केला तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि रोज वापरात आहे.

यांची खरी जागा आहे ती चुंबकाला ताणही सोसायचा असतो तिथे, उदाहरणार्थ अतिवेगाने फिरणाऱ्या मोटारीच्या रोटरमध्ये. सामान्यतः मृदू चुंबक मजबूत करायला गेले की बिघडतो, कारण विस्थापने (जालकातले सरकणारे दोष) अडवणारे कण डोमेनच्या भिंतीही अडवतात. २०२२ मध्ये लोह ३२.६, निकेल २७.७, कोबाल्ट २७.७, टँटलम ५ आणि अ‍ॅल्युमिनियम ७ अणुटक्के असा मिश्रधातू प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ९१ नॅनोमीटरचे समचुंबकीय कण जालकाशी जुळवून वाढवलेले आहेत. भिंतीवर त्यांचा जेवढा पट्टा परिणाम करतो तो भिंतीच्या रुंदीपेक्षा लहान राहतो, म्हणून भिंत अडकत नाही. विस्थापने मात्र अडतात. ताणबल १३३६ मेगापास्कल, ताणवाढ ५४ टक्के, आणि कोअर्सिव्हिटी तरीही ७८ अँपिअर प्रति मीटर. कण लहान-मोठे झाले की हे गणित बिघडते, त्यामुळे इथे सगळी मदार घटकांपेक्षा उष्णोपचारावर आहे.

प्रश्न : कायमचे चुंबक यातून होतील का?

उत्तर : एक जुना नातेवाईक आहेच. अल्निको-५ मध्ये वजनाने ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १४ निकेल, २४ कोबाल्ट, ३ तांबे व उरलेले लोह असते. पाच मूलद्रव्ये, फक्त लोह ४८ अणुटक्के असल्याने तो व्याख्येत बसत नाही. त्याचा पूर्वज, लोह-निकेल-अ‍ॅल्युमिनियमचा चुंबक, जपानच्या मिशिमांनी १९३१ मध्ये शोधला. अंतःकेंद्रित रचना थंड होताना स्पायनोडल फुटीने (एकजिनसी मिश्रधातू आपोआप दोन प्रकारच्या भागांत फुटण्याने) चुंबकीय व अचुंबकीय पट्ट्यांत विभागते, आणि चुंबकीय पट्टे लांबट असल्याने चुंबकन वळायला विरोध करतात. अ‍ॅल्युमिनियम-कोबाल्ट-क्रोमियम-लोह-निकेल या मिश्रधातूतही अशीच फूट दिसते. तरी दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांशी बरोबरी होईल अशी आशा धरू नये.

प्रश्न : वितळवण्याआधी कागदावर चुंबकनाचा अंदाज काढता येतो का?

उत्तर : क्रोमियम व मँगनीज नसतील तर येतो. प्रत्येक अणूचे आघूर्ण बोर मॅग्नेटॉनमध्ये (अणूच्या आघूर्णाच्या एककात) घ्या : लोह २.२, कोबाल्ट १.७, निकेल ०.६, बाकी शून्य. सूत्रातल्या भागांनुसार बेरीज करा, ५५८५ ने गुणा आणि सूत्राच्या अणुभाराने भागा. लोह-कोबाल्ट-निकेलसाठी बेरीज ४.५, अणुभार १७३.५, उत्तर १४५ एम्यू प्रति ग्रॅम. मोजलेला आकडाही १५० च्या जवळ आहे.

वर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन प्रमाणासाठी अणुभार १८४.५ धरून १३६ येतात. १.१५ टेस्लाचे रूपांतर घनता ८ मानून केले तर प्रत्यक्षात ११४ च मिळतात. हा फरक केवळ पातळ होण्याचा नाही; अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन चुंबकीय अणूंच्या डी-पट्ट्यातही (चुंबकत्व देणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांतही) ढवळाढवळ करतात. म्हणून असे घटक असतील तर कागदावरच्या आकड्यातून १५-२० टक्के वजा करून ठेवा.

कँटर मिश्रधातूला हेच सूत्र लावले तर ९० येतात, आणि खोलीत चुंबक चिकटतही नाही. तिथे आधी रचना कोणती येणार ते पाहा : संयुजा इलेक्ट्रॉनांची (अणूच्या बाहेरच्या, बंधात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची) सरासरी ८ किंवा त्याहून जास्त असेल तर पृष्ठकेंद्रित, ६.८७ पेक्षा कमी असेल तर अंतःकेंद्रित, मध्ये असेल तर दोन्हींचे मिश्रण असा ढोबळ नियम आहे. कँटर मिश्रधातूची सरासरी बरोबर ८. मँगनीज असलेला मिश्रधातू या सीमेवर बसत असेल, तर त्यात ५, १० आणि २० अणुटक्के अ‍ॅल्युमिनियम घालून तीन छोटी बटणे करा आणि आधी साधा चुंबक लावून पाहा. यंत्रावर वेळ कोणत्या नमुन्याला द्यायचा ते तिथेच कळते.